समुद्राच्या तळावरची वाट

सह्याद्रीत चालायला शिकलेल्या माणसाने पुरती उघडी जमीन क्वचितच पाहिलेली असते. आपला कातळ राकट आणि काळा, पण पहिल्या पावसाबरोबर त्याच्यावर शेवाळ चढतं, श्रावणात तेरडा येतो, भाद्रपदात सोनकी, आणि मग पुढच्या ज्येष्ठापर्यंत वाळलेलं गुडघाभर गवत. कारवीच्या रानातून जाताना पाय कशावर पडतोय हे तळव्याला कळतं, डोळ्यांना नाही. पडलेलं झाड काही पावसाळ्यांत माती होऊन जातं. वाटेवर वर्षभर कोणी चाललं नाही तर रान ती परत घेऊन टाकतं. झाकायचं, कुजवायचं आणि पुन्हा उगवायचं हा आपल्या डोंगरांचा स्वभाव, आणि आपणही त्याच स्वभावात वाढलो. म्हणून हिमाचलातल्या स्पितीत एकटीने दिवसभर चालले तेव्हा सगळ्यात आधी अंगावर आला तो तिथल्या जमिनीचा उघडेपणा. उंची आणि थंडी नंतर जाणवली.

पाऊस मागे राहतो तो अगदी डोळ्यांदेखत. मनालीत देवदारांवरून पाणी ठिबकत असतं. अटल बोगद्यातून गाडी लाहौलमध्ये शिरते, ग्राम्फूपासून चंद्रा नदीच्या कडेने दगडगोट्यांच्या रस्त्याला लागते, छत्रू आणि बातल मागे टाकून कुंझुमची खिंड चढते. साडेचार हजार मीटरच्या वर असलेल्या त्या खिंडीत वारा पताकांना क्षणभर उसंत देत नाही. ड्रायव्हर कुंझुम मातेच्या ठाण्याला गाडीनेच प्रदक्षिणा घालतो आणि पलीकडे उतरतो, तेव्हा हिरवा रंग संपलेला असतो. पावसाळी ढग पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या दक्षिण उतारांवर रिते होतात. त्यांच्या आडोशाला पडलेल्या स्पितीला मिळणारं पाणी बहुतेक हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाचं. लोसरला आपण पोहोचतो तेव्हा समोर तपकिरी, राखाडी, जांभळट, पिवळसर असे डोंगर असतात. त्यांच्यावर झाड नाही, आणि दूरवरून दिसणारं गवतही नाही.

काझात, स्पितीच्या मुख्य गावात, काही दिवस नुसतं राहून मग मी वरच्या लांगझा गावाला चढले. ही सबुरी तिथे सक्तीची आहे. लांगझा सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लांगझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी भरतो, म्हणजे छाती भरून घेतलेल्या श्वासातही प्राणवायू त्या प्रमाणात कमीच. शरीर हे हळूहळू शिकून घेतं. श्वास वाढवतं, रात्री मधूनच जागं करतं, भूक मंदावते, मग एक दिवस सकाळी चहा नेहमीसारखा गोड लागतो आणि कळतं, आता चालता येईल. डोकं ठणकत असताना, मळमळत असताना वर चढायचं नाही. बरं वाटत नसेल तर खाली उतरायचं. एकट्याने जाणाऱ्याने तर हे काटेकोर पाळायला हवं, कारण आपला चेहरा उतरलाय हे सांगायला शेजारी कोणी नसतं.

उतरले होते त्या घरच्या आजींना सगळे आमा-ले म्हणत. त्या सकाळी त्या चुलीशी बसल्या होत्या. शेण आणि झुडपांच्या काटक्या हेच जळण. लाकूड इतकं दुर्मिळ की घराच्या धाब्यावर कडेने रचून ठेवलेल्या काटक्यांच्या मोळ्या म्हणजे त्या घराची साठवण. मी निघतेय म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग दाराबाहेर जाऊन आभाळाकडे.

"अकेले जाओगे?"

"हां, आमा-ले. हिक्किम, फिर कोमिक. शाम से पहले वापस."

"नाला जल्दी पार करना. दोपहर में पानी बढ़ता है."

वरचं बर्फ उन्हाने वितळायला लागलं की दुपारनंतर ओढे फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी मांडीपर्यंत येऊ शकतं. आमा-लेंनी उकडलेले बटाटे आणि मिठाची पुडी बांधून दिली. मी कुठल्या वाटेने जाणार, कुठून परतणार हे त्यांच्या मुलाला सांगितलं. एकटीने चालायचं ते कोणाला तरी सांगूनच, हा माझा घरचा नियम आहे आणि तो मी कुठेही मोडत नाही.

सप्टेंबर लागला होता. गावाच्या वरच्या अंगाला बुद्धाची मोठी मूर्ती खोऱ्याकडे तोंड करून बसलेली आहे आणि गावाच्या पाठीशी चाऊ चाऊ कांग निल्दा, ६,३०० मीटरच्या वर गेलेलं बर्फाचं शिखर. सूर्य अजून फक्त त्या शिखरावर आला होता. खाली शेतांत जव पिवळं पडलं होतं, वाटाण्याच्या वेलींची काढणी सुरू होती, आणि गावाची शेतं संपतात तिथे, एका पाटाच्या ओळीवर, हिरवा रंगही संपत होता. पाटाच्या अलीकडे पीक, पलीकडे वाळवंट. मधे बोटभरही संधिप्रदेश नाही. पाणी काय करतं हे मला कोकणात कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. तिथे ते सगळीकडेच असतं.

मी चढाला लागले. या उंचीवर चालण्याची लय आपण ठरवू म्हटलं तरी ठरवता येत नाही, ती श्वास ठरवतो. सुरुवातीला दोन पावलांना एक श्वास, उभ्या चढावर पावलाला एक. मन पुढे धावायला लागलं की छाती त्याला मागे ओढते. सह्याद्रीत आम्ही घोळक्याने चढतो, गाणी म्हणतो, वर पोहोचलं की भेळ कालवतो, आणि त्या सगळ्यावर माझं जिवापाड प्रेम आहे. पण इथे बोलण्यापुरता श्वासच शिल्लक राहत नाही, त्यामुळे एकटं असणं ही उणीव राहत नाही. अर्ध्या तासात माझ्या डोक्यातलं बोलणंही थांबलं. घरचे हिशेब, राहिलेले फोन, कोणाला काय म्हणायला हवं होतं ते सगळं. मग फक्त पुढचं पाऊल कुठे टाकायचं एवढंच राहिलं.

आणि शांतता. आपल्या रानात शांतता म्हणतो तेव्हाही पानं सळसळत असतात, किडे किरकिरतात, कुठे पाणी झिरपतं. इथे सळसळायला पान नाही. वारा पडला की खरोखर काहीच ऐकू येत नाही, आणि थोड्या वेळाने कानात आपल्याच नाडीचे ठोके ऐकू यायला लागतात. डोक्यावरून एक डोमकावळा गेला तेव्हा मला त्याच्या पंखांचा आवाज आला. प्रत्येक फटका वेगळा. पक्ष्याचं उडणं मी त्याआधी पुष्कळ पाहिलं होतं. ऐकलं त्या दिवशी.

हवा इतकी कोरडी आणि स्वच्छ की अंतराचा अंदाज चुकतो. पलीकडच्या उतारावरचा खडक हातभर लांब वाटतो आणि दोन तास चाललं तरी तिथेच असतो. मधे धूळ नाही, धुकं नाही, निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा नाहीत, ज्यांच्यावरून आपण लांबचं-जवळचं ओळखतो. समोरच्या डोंगरात खडकांचे थर उघडे पडलेले. काही सरळ आडवे, काही तिरपे, आणि काही ठिकाणी कोणी नऊवारीच्या निऱ्या मुठीत गोळा करून धरल्यासारखे वळलेले, दुमडलेले. इतके मोठे डोंगर असे दुमडायला किती जोर लागला असेल, हा विचार करत मी बराच वेळ उभी होते.

गावामागच्या उतारांवर काळपट, ठिसूळ, पापुद्रे निघणारा दगड लागतो. भूशास्त्रात याला स्पिती शेल म्हणतात. हा मूळचा समुद्रतळावर साचलेला चिखल. साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस नावाचा समुद्र होता. त्या चिखलात मेलेले जीव पडले, त्यांच्याभोवती खनिजं साकळून गोळे झाले, वर आणखी गाळ साचत गेला, आणि पुढे दोन भूखंड एकमेकांवर आदळले तेव्हा हा सगळा तळ उचलला जात जात चार-साडेचार किलोमीटर वर आला. आता पावसाने नाही तर बर्फाने, वाऱ्याने, दिवसरात्रीच्या थंड-गरमाने तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटतोय. आणि त्यातून ते गोळे उताराला लागतात. एखादा फुटलेला असतो. त्याच्या आत चक्र असतं.

मी एका अशा दगडाशी बसले. तो हातात घेतला नाही. होता तिथेच पाहिला. मुठीएवढा काळा गोळा, अर्धा उघडा, आणि आत वळत वळत मध्याकडे जाणारी, आडव्या कंगोऱ्यांची नक्षी. अमोनाइट. माखल्या आणि अष्टपादांच्या गोतातला समुद्री जीव, शंखात राहणारा. शंखात एकामागे एक कप्पे असत. जीव वाढत गेला की पुढे नवा कप्पा बांधून त्यात राहायला जाई, आणि मागच्या रिकाम्या कप्प्यांतल्या वायूमुळे पाण्यात तरंगे.

हे चक्र मी लहानपणापासून ओळखते. आमच्या देवघरात शाळिग्राम आहे. आई रोज सकाळी तो ताम्हनात घेऊन त्याच्यावर पळीने पाणी घालायची, पुसायची आणि वर तुळशीचं पान ठेवायची. त्या तुळतुळीत काळ्या दगडाच्या एका बाजूला छोटं छिद्र होतं, आणि त्यातून आत डोकावलं तर वळत गेलेल्या रेघा दिसत. ते विष्णूचं चक्र, असं आई सांगायची. शाळिग्राम नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रातून येतात, मुक्तिनाथच्या बाजूने, आणि ते याच समुद्राच्या, याच काळातल्या चिखलातले अमोनाइट असतात. गंडकीने घासून घासून गोल केलेले. कॉलेजात हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी धावत येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग? देवाचं वय तूच सांगितलंस की." त्या एका वाक्याने तिने माझ्यासाठी एक भांडण कायमचं मिटवलं. आई आता नाही. शाळिग्राम माझ्याकडे आहे, आणि मीही त्याला रोज पाणी घालते. लांगझाच्या उतारावर, जिथे ती चक्रं उन्हात पडली होती, मला ज्या हाताची आठवण झाली तो हात ताम्हन धरलेला होता.

मग दुसरी एक गोष्ट सुचली आणि ती अजून मला सोडत नाही. स्पितीचा हा चिखल भारतीय भूखंडाच्या उत्तर काठावर साचला. त्या वेळी आपला भूखंड दक्षिण गोलार्धात होता आणि आपली सह्याद्री अजून जन्मायची होती. पुढे तो भूखंड उत्तरेकडे सरकत असताना, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, त्याच्या पाठीवर दख्खनचा लाव्हा फुटला. थरांवर थर. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे, आणि घाटमाथ्याकडे त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. सह्याद्रीतले आपले गड, लेणी, कडे बहुतेक त्यातलेच. आणि त्याच सुमाराला जगभरचे अमोनाइट कायमचे संपले. डायनासोरांबरोबर. तेव्हा मेक्सिकोत पडलेल्या लघुग्रहाचा त्यात मोठा वाटा होता. दख्खनच्या ज्वालामुखीचा धूर आणि वायू यांचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. म्हणजे माझ्या पायाखालचा हा जीव आणि राजगडाचा कातळ एकाच भूखंडाच्या दोन टोकांवर होते. एक जन्मत होता तेव्हा दुसऱ्याचा वंश बुडत होता. मी घरापासून हजारो किलोमीटर दूर एकटी बसले होते, आणि ही जमीन मला परकी वाटेना.

या दगडांचा माग काढत १८६४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा एक तरुण स्पितीत आला होता. फर्डिनांड स्टोलिच्का, मोराव्हियातला, तेव्हा पंचविशीच्या आसपासचा. रस्ते नव्हते. त्याने इथले थर पाहिले, मोजले, त्यांतले जीवाश्म ओळखले आणि थरांना इथल्याच गावांची नावं दिली. मुथ, चिक्किम ही नावं आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. पुढे १८७४ साली यारकंदहून परतताना कराकोरम ओलांडल्यावर मुर्गो इथे तो उंचीच्या आजाराने गेला. वय ३६. लेहमध्ये त्याची कबर आहे. मला त्याच्या आडवाटेच्या चालण्याचा हेवा वाटतो, आणि त्याच्या मरणाबद्दल वाचताना गळा दाटतो. ज्या विरळ हवेने त्याला इतकं स्पष्ट दाखवलं, तिनेच त्याला नेलं.

हिक्किमला फार थांबले नाही. ४,४०० मीटरवरचं तिथलं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे आणि आता तिथे पत्र टाकायला रांग असते. मोटारसायकलींत एमएच बारा दोन-तीन होत्या. "काय मॅडम, चालत?" असं कोणी तरी विचारलं, मी हो म्हटलं, एक पोस्टकार्ड टाकलं आणि गाडीरस्ता सोडून कोमिकच्या पायवाटेला लागले.

त्या वाटेवर चॉकलेटचा एक कागद पडला होता. उचलला. त्यावरची छापील तारीख काही वर्षांपूर्वीची होती आणि अक्षरं अजून वाचता येत होती. पुढे संत्र्याची साल, वाळून कडक झालेली, रंग तसाच. संत्र्याची साल आपल्याकडे एका पावसाळ्यात दिसेनाशी होते, त्यामुळे ती फेकताना आपल्याला काही वाटत नाही. इथे कुजायला ओल नाही, कुजवणारे जीव मोजके, आणि वर्षातले निम्मे दिवस जमीन गोठलेली. जे पडेल ते राहतं.

हा कोरडेपणा काय काय सांभाळू शकतो ते स्पितीत फिरताना जागोजागी दिसतं. खाली ताबोला ९९६ साली बांधलेला मठ आहे, आणि तो मातीचा आहे. मातीच्या भिंती, मातीच्या मूर्ती, भिंतींवरचे रंग, हजार वर्षं. आपल्याकडे मातीची भिंत दोन पावसाळे लिंपली नाही तर बसते. गियू गावात एका भिक्खूचा बसलेला देह आहे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा, त्याला कोणतीही रसायनं न लावता टिकलेला. आणि इथे, माझ्या पायाशी, पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या शंखाचे कंगोरे. या भूमीजवळ विसरण्याची सोय नाही. तिने समुद्र जपला तसाच आता ती आपला कागद जपतेय, आणि कशाला किती मोल द्यायचं हे तिला ठरवता येत नाही. ते आपणच ठरवायला हवं. ताबोवर आता अधूनमधून जोराचा पाऊस पडायला लागलाय असं ऐकते तेव्हा त्या भिंतींसाठी माझा जीव खालीवर होतो. मातीने हजार वर्षं ज्याच्या भरवशावर काढली, तो कोरडेपणाच जर हलायला लागला तर तिने कोणाकडे पाहायचं?

कोमिकला पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गावच्या फलकावर ४,५८७ मीटर लिहिलेलं आहे. मठाच्या खाली एका घरात थुक्पा मिळाला. उन्हात चटका बसत होता आणि भिंतीच्या सावलीत गेलं की हुडहुडी. दोन्हींच्या सीमेवर एक बाकडं होतं तिथे मी बसले. शेजारी गावातले एक काका वाटाण्याच्या गोणीचं तोंड शिवत होते. स्पितीचा वाटाणा खालच्या मैदानात वाटाणा नसतो तेव्हा बाजारात पोहोचतो, म्हणून त्याला भाव मिळतो. इथल्या कितीतरी घरांचं वर्षाचं गणित याच पिकावर बसतं. मी पाण्याबद्दल विचारलं. ते बराच वेळ बोलले. पाणी वरच्या बर्फापासून पाटाने येतं; कोणाच्या शेतात कधी सोडायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि त्या मोडत नाहीत. पण अलीकडे काही हिवाळ्यांत बर्फ पुरेसं पडलं नाही. पाट कोरडा राहिला की पेरलेलं जागच्या जागी वाळतं. "यहाँ बारिश का क्या भरोसा। हमारा तो बर्फ ही बारिश है," ते म्हणाले आणि पुन्हा सुतळी ओढायला लागले. विदर्भात, मराठवाड्यात कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओसरीवर ऐकलेला सूर तो. बर्फाची वाट पाहणं आणि पावसाची वाट पाहणं यांत मला काही फरक दिसला नाही.

परतताना मेंढ्यांच्या वाटेने वरून आले. दुपारी खोऱ्यातून वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. ओढ्याला पाणी वाढायला लागलं होतं, अजून पिंडरीच्या खाली होतं. ओलांडून वर आले आणि समोरच्या घळीत एक धोंडा हलला. मग दुसरा. भरलांचा, म्हणजे इथल्या रानमेंढ्यांचा, कळप होता, निळसर राखाडी, दगडांच्या रंगात इतका मिसळलेला की हालचाल झाली नसती तर दिसलाच नसता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी खाली बसले तसे ते पुन्हा चरायला लागले. जमिनीला चिकटून वाढलेल्या त्या काटेरी झुडपांतून त्यांना काय मिळत होतं देव जाणे, पण मिळत होतं. ज्याला मी दिवसभर उघडं, रिकामं म्हणत होते तिथे इतक्या जिवांचं पोट भरत होतं. वर खूप उंचावर एक दाढीवालं गिधाड घिरट्या घालत होतं. हे गिधाड हाडं उचलून उंचावरून खडकावर टाकतं, फोडतं आणि त्यांतला मगज खातं. हाडसुद्धा इथे वाया जात नाही.

त्या कळपासमोर मी वारा सोसवेनासा होईपर्यंत बसले होते. एकट्याने चालण्याची ओढ मला का आहे याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं निरनिराळं देत आले आहे. त्या दिवशी ते साधं वाटलं. सोबत कोणी असतं तर मी हात करून "ते बघ" म्हटलं असतं, आणि भरल पळाले असते.

लांगझाच्या वेशीशी दोन मुलं वाट पाहत होती. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, बहीण त्याच्याहून लहान. मुठी उघडल्या. चार दगड, चारांत चार चक्रं, एक तर इतकं सुरेख की माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. "मैडम, सौ रुपये." मी नको म्हटलं. "पचास." मी त्यांच्याजवळ बसले आणि दगड बघून बघून त्यांना परत दिले. त्या शंखांत कप्पे असतात, हा जीव पाण्यात तरंगायचा, हे त्यांना सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "पता है. यहाँ समुंदर था." अभिमानाने म्हणाला. घरी पोहोचून मी आमा-लेंना या दगडांबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की पूर्वी हे दगड दाराशीच पडलेले असत. आता मुलांना ते शोधायला लांब वर जावं लागतं. एकेक पाहुणा एकेकच नेतो. पाहुणे खूप झाले.

माझ्या देवघरातला शाळिग्राम आजीच्या आजीच्या वेळचा आहे, आणि तोही कधी कोणी नदीतून उचलूनच आणला असणार, हे मला ठाऊक आहे. पण काळी गंडकी आजही वाहते आहे आणि वरून नवे दगड घासून आणते आहे. लांगझाच्या उतारावर तसं भरून काढणारं काही नाही. बर्फ आणि वारा वर्षाकाठी जेवढं मोकळं करतील तेवढंच, आणि आपण त्याहून कितीतरी वेगाने नेतो आहोत.

तुम्ही स्पितीला जाल तेव्हा शक्यतो सप्टेंबरात जा, जव कापायच्या दिवसांत. काझात थांबून शरीराला वेळ द्या, गावात हॉटेल न शोधता कोणाच्या तरी घरी राहा आणि एखादा दिवस गाडी सोडून चाला. आपला कचरा आपल्याच पिशवीत घालून कुंझुमच्या अलीकडे परत आणा. मुलांकडून लोकरीचे मोजे घ्या, त्यांच्या आईकडून जवाचं पीठ घ्या, वाटाणे घ्या, भाव करू नका. दगड मात्र कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका.